एका इंजिनावर दोन हालर

वामनराव भाऊजींना कोणी 'मालक' म्हटलं की ते सायकलवरून उतरत. उतरत म्हणजे सायकल स्टँडवर लावून, धोतराचा सोगा नीट करून, समोरच्याला समजावायला उभे राहत. कोंढ्याच्या रस्त्यावर वैशाखाच्या उन्हात मी त्यांच्या मागे कॅरिअरवर बसलेलो, मांडीवर गिरणीची नवी जाळी, आणि समोर डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेला एक माणूस. बिचारा 'राम राम मालक' म्हणून चुकला होता.

"मी कायचा मालक गा? इंजिन लोखंडाचं, लोखंड मजुरानं काढलं. डिझेल जमिनीतलं. धान तुमचं. माह्या बापानं वावर विकून इंजिन आणलं म्हणशील, तं वावर तरी बापानं कोठं बनवलं होतं?" हे पुढे बराच वेळ चाललं. तो माणूस शेवटी फार नम्रपणे म्हणाला, "मोळी खाली ठेवू का मालक?" आणि भाऊजींनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी कॅरिअरवरून उतरून चालत घरी गेलो. जाळी डोक्यावर घेतली, तेवढीच सावली.

हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी कारध्याचा, भंडाऱ्याच्या कॉलेजातून बी.कॉम. होऊन घरी बसलेलो. कमलताईला दिलं होतं पवनी तालुक्यातल्या या गावात, धानगिरणीवाल्यांकडे. सासऱ्यांनी सगळी शेती विकून डिझेल इंजिन आणि धान भरडायची दोन यंत्रं, म्हणजे हालर, घेतले होते. सासरे गेले आणि गिरणी वामनरावांकडे आली. ताईच्या दोन मुली लहान होत्या, घरात शेताचा एक तुकडा उरला नव्हता. ताईचं जे काही होतं ते त्या टिनाच्या छपराखाली होतं. तिथं पाच माणसं कामाला, आणि सहावा, सगळ्यांत म्हातारा सोमा, जो इंजिन चालवी. इंजिन त्याच्याशिवाय कोणाच्या हातानं सुरू होत नसे.

एका बाजूची पुस्तकं वाचून बिघडलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. भाऊजी दोन्ही बाजूंची वाचून बिघडले. मॉस्कोहून येणारी गुळगुळीत कागदाची स्वस्त पुस्तकं त्यांच्याकडे होती, आणि खुल्या व्यापाराची बाजू मांडणारे जाडजूड ग्रंथही होते. मन समाजवादाकडे होतं, हे ते लपवत नसत. पण नुसतं मन कुठं आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता. "तुलना पायजे बाबू, तुलना," ते म्हणत, आणि मग जिथं बसले असतील तिथं तुलना सुरू होई. लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसून म्हणाले, "पंगत मंजे समाजवाद. सगळ्याइले सारखं, पण वरण येयेपर्यंत भात थंड. अन् पवनीचा बाजार मंजे भांडवलशाही. पायजे ते भेटते, फक्त खिसा रिकामा असला तं तुले कोनी वळखत नाही." वाढणारा वरणाची बादली घेऊन तीनदा पुढून गेला. माझ्या पानावर भात कोरडाच राहिला, कारण भाऊजींनी माझा हात धरून ठेवला होता.

आणीबाणी उठली त्या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं की गिरणी कामगारांच्या नावानं करून द्यायची. ताईनं मला चिठ्ठी पाठवून बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा ती चुलीपुढं बसली होती आणि भाऊजी ओट्यावर. मधे भिंत होती आणि भांडण भिंतीतून चाललं होतं. "द्या ना जी, द्या," ताई म्हणत होती. "मंग या दोन पोरीइले घेऊन मी कोनाच्या दारात बसू तेही त्या पुस्तकात पाहून सांगा." भाऊजी म्हणाले, "तूही कामगार होजो, तुलेही हिस्सा." ताईनं फुंकणी आपटली. मला आत ये म्हणाली आणि चहासुद्धा न विचारता रडायला लागली. माझी बहीण रडणाऱ्यांतली नाही. तिला रडताना पाहून मला त्या माणसाचा असा संताप आला की मी ओट्यावर जाऊन काय काय बोललो ते आज आठवत नाही.

भाऊजी शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "तू भांडवलशाहीची बाजू चांगली मांडतोस रे मधुकर." आणि त्यांचे डोळे चमकले. ते डोळे असे चमकले की घरचे हातातलं काम टाकून उभे राहत.

दिवाळीनंतर नवं धान यायला लागलं, आणि त्यांनी आपला प्रयोग जाहीर केला. गिरणीत हालर दोन, इंजिन एक. डावा हालर समाजवादी, उजवा भांडवलशाही. डाव्यावर तीन कामगार आपापसात ठरवून काम करतील, नफा वाटून घेतील, धान भरडल्यावर निघणारा कोंडा, म्हणजे कुकुस, ज्याचं त्याला परत देतील. उजव्यावर मी, पगारी दोन माणसं ठेवून, रिवाजाप्रमाणं कुकुस गिरणीत ठेवून, नफा घरात. सोमा इंजिनावर, म्हणजे दोघांचा. "सोमा अलिप्त राष्ट्र," भाऊजी म्हणाले. दोन हंगाम असे चालवायचे. जो हालर जास्त धान भरडेल ती पद्धत जिंकली. डावा जिंकला तर सगळी गिरणी कामगारांची. उजवा जिंकला तर गिरणी कमलच्या नावानं, आणि भाऊजी जन्मात पुन्हा समाजवाद हा शब्द तोंडातून काढणार नाहीत.

मी विचारलं, "दोन्ही मिळून चालवलं तर काय बिघडलं? सरकारही तेच म्हणतं ना, मिश्र अर्थव्यवस्था?"

"ते दिल्लीवाले करून राहिले," भाऊजी म्हणाले. "आपल्याले निकाल पायजे."

अशी माझी नेमणूक झाली. बी.कॉम. झालेला धडधाकट माणूस, आणि गावात कोणी विचारलं काय करतोस, तर भांडवलशाही करतो. ताईनं मला त्या दिवशी ताटात दोन वेळा तूप वाढलं आणि म्हणाली, "हरू नोको रे बाप्पा."

हरण्याची भीती नव्हती. माझ्याकडे बैलगाड्या येत. मोठा शेतकरी आठ-दहा पोती घेऊन आला की मी सरळ भरडून देई, तो उभ्या उभ्या परत जाई. डावीकडे बैठक चालू. जाळी बदलायची, बैठक. चहा किती वेळा, बैठक. पट्टा ढिला झाला तर तो ओढून घ्यायचा की नाही यावर एका कामगारानं विरोधी मत नोंदवलं, आणि भाऊजींनी त्याला सर्वांसमोर शाबासकी दिली. तोवर गिऱ्हाईक पोत्यावर झोपून गेलं होतं. त्यांच्याकडे नंबर म्हणजे नंबर. गाडीवाला असो की टोपलीवाली, आधी आलेला आधी. त्यामुळं गाडीवाले माझ्याकडे आणि टोपलीवाल्या तिकडे, हे पहिल्या आठवड्यातच ठरून गेलं.

पण मला खरा ताप झाला तो भाऊजींचा. मी नीट भांडवलदार होत नाही अशी त्यांची तक्रार होती. भागरता म्हणून एक बाई होती, रोवणी-कापणीच्या मजुरीत मिळालेलं धान घेऊन येणारी, घरी एक शेळी. एकदा मी तिला शेळीसाठी टोपलंभर कुकुस तसंच दिलं. भाऊजींनी छपराखालून ते पाहिलं आणि तडक आले. "हे का करून राहिला तू? तुह्यं कुकुस मंजे तुहा नफा. असा दानधर्म केला तं भांडवलशाहीचा खरा चेहरा दिसनार कसा? वापस घे." मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही समाजवादी ना?" ते म्हणाले, "मी पंच आहो. काम इमानदारीनं कर." भागरता टोपलं काखेत घेऊन दोघांकडे पाहत उभी. शेवटी मी ते कुकुस परत घेतलं आणि ती वळल्यावर सोमाच्या हातून तिच्या घरी पाठवलं. म्हणजे माझी भांडवलशाही मला चोरून पातळ करावी लागत होती.

आणि माझ्या हालरचं पातं तुटलं, ऐन हंगामात, तर याच माणसानं डाव्या हालरचं जास्तीचं पातं काढून माझ्याकडे आणून दिलं. डाव्याचे कामगार आरडाओरडा करायला लागले. भाऊजी त्यांना म्हणाले, "लंगड्या बैलासोबत शंकरपटाची शर्यत जितली तं त्याले जितनं म्हनता का?" मी पातं बसवलं आणि त्या दिवशी पंधरा पोती जास्त काढली. मला आनंद व्हायला हवा होता. मला नुसती चीड आली.

टोपलीवाल्यांच्या धानाचा मात्र डावीकडे घोळ होत होता. हालरमधे दर वेळी थोडा तांदूळ अडकून राहतो. पोत्याला ते कळत नाही, पायलीभर धानाला लगेच कळतं. हिचा तांदूळ तिच्यात, तिचा पुढच्या बाईत. रोज भांडणं. मग भाऊजींनी आपली आवडती गोष्ट केली. सगळ्यांची बैठक घेतली आणि ठरवलं, सगळ्या बायांचं धान एकत्र ओतायचं, एकदम भरडायचं, आणि ज्याचं जितकं धान तितका तांदूळ मापानं परत. नुकसान कोणा एकीचं नाही. ठराव एकमतानं पास. मी माझ्या हालरवरून हे पाहत होतो आणि, खरं सांगतो, मलाही त्यात चूक दिसली नाही.

चूक संध्याकाळी सगळ्या चुलींवर दिसली. भागरताचं धान लुचईचं, जाड. दुसरीला मजुरीत चिन्नोर मिळालेलं, बारीक आणि वासाचं. तिसरीचं मागच्या सालचं जुनं, चौथीचं खळ्यावरून आजच उचललेलं. असं मिसळलेलं एका भांड्यात शिजवल्यावर अर्धा भात गच्च लगदा आणि अर्धा दाताखाली कचकच. दुसऱ्या दिवशी सकाळी बाया भाताची गंजं घेऊनच गिरणीवर आल्या. भागरतानं आपलं गंज भाऊजींसमोर ठेवलं. "घ्या मालक. तुमचा ठराव खा."

दुसरा कोणी असता तर मागच्या दारानं गेला असता. भाऊजी खाली मांडी घालून बसले, आणि प्रत्येक गंजातला घास घेऊन चावून पाहिला. इतके खूश झालेले मी त्यांना त्यांच्या मुलींच्या वाढदिवसालाही पाहिलं नव्हतं. "पाहिलं का मधुकर? सगळे सारखे नसतात. सारखं वागवायचं तं आधी वेगळं वळखा लागते. हे कोनत्या पुस्तकात नाही." मी कपाळावर हात मारला. बायांनी तिथंच ठरवून टाकलं, एक दिवस लुचई, एक दिवस चिन्नोर, नवं-जुनं वेगळं. त्यानंतर भात बिघडला नाही. पण डाव्या हालरचे दोन दिवस त्या गडबडीत गेले, आणि माझी पोती आणखी पुढं.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी अक्षय तृतीयेला निकाल लागला. आमच्याकडे त्याच दिवशी सालगड्यांचं वर्ष संपतं, नवे करार होतात, म्हणून भाऊजींनी तोच मुहूर्त धरला. गिरणीसमोर अर्धं गाव. निकालात गुपित काही नव्हतंच, उजवा हालर कितीतरी पुढं होता. भाऊजी उभे राहिले, स्वच्छ आवाजात म्हणाले, "भांडवलशाही जितली. गिरनी आजपासून कमलची." त्यांच्या तोंडावर एक सुरकुती हलली नाही. ताईनं पदरात तोंड लपवलं. डाव्याचे तीन कामगार माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "बरं झालं मधूभाऊ. पगार बांधून द्या आता. बैठकीनं डोकं उठलं होतं."

मी सुटलो असं मला वाटलं. कागद झाले, ताई मालकीण झाली, मी कारध्याला जायची पिशवी भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी गिरणीवर आले आणि कामगारांच्या रांगेत उभे राहिले. ताईला म्हणाले, "कामाले आलो, मालकीनबाई." ताईनं विचारलं हे काय सोंग. ते म्हणाले, "सोंग नाही. गिरनी तुही, माह्याजवळ दोन हात आहेत. मजुरी काय देतेस ते सांग." आणि महिना उलटायच्या आत त्यांनी सगळ्या कामगारांची संघटना काढली, स्वतःच्या बायकोविरुद्ध. मागण्या अशा: आठवड्याला एक सुट्टी, आणि इंजिन बिघडलं त्या दिवशीचीही मजुरी. मी ओरडलो, "तुम्ही वचन दिलं होतं." ते म्हणाले, "मी समाजवादाचं नाव घेतलं का? मी मजुरी मागून राहिलो."

दिवाळीनंतर त्यांनी संप केला. ऐन हंगामात. सगळे कामगार गिरणीच्या ओट्यावर बसलेले, आत ताई एकटी, बाहेर गाड्यांची रांग. दुपारी ताई चहाची किटली घेऊन बाहेर आली, सगळ्यांना कपबशीत चहा दिला, आणि म्हणाली, "सुट्टी देते. बंद दिवसाची मजुरी देनार नाही." भाऊजींनी चहा पिऊन कप धुवून दिला आणि संप मागं घेतला. रात्री त्याच बाईच्या हातची भाकर खाऊन झोपले. मी ताईला विचारलं, तुला राग येत नाही? ती म्हणाली, "येते ना. पन गिरनीवर मालकीन म्हनून पहिल्यांदा कोनी मले काही मांगतलं. याच मानसानं."

नंतरची वर्षं अशीच भांडणात गेली. मी कारध्याला परत गेलोच नाही, उजवा हालर चालवत राहिलो. मग पवनीच्या रस्त्यावर एका मोठ्या पैसेवाल्यानं नवी यंत्रं बसवून चकचकीत राइस मिल काढली. तिथं तांदूळ कमी तुटे, आणि पोती उतरवायला माणसं तयार. माझ्या गाड्या एकेक करून तिकडे वळल्या. दोन हंगामांत उजव्या हालरवर धूळ बसली. माझी भांडवलशाही दुसऱ्याच्या भांडवलशाहीनं खाल्ली. डावा मात्र चालू होता, कारण पायलीभर धान घेऊन गेलेल्याला नव्या मिलमधे कोणी उभं करत नव्हतं. ताईचं घर टोपलीवाल्या बायांच्या भरडणावर चाललं.

तेव्हा मी भाऊजींसमोर जाऊन बसलो. म्हटलं, "बोला. बोला ना एकदाचे. तुमचा हालर टिकला." भाऊजी पट्ट्याला मेण लावत होते. डोळे नुसते लखलखत होते. "मी काही म्हटलं का?" ते म्हणाले. मी म्हटलं, "मी तुम्हाला सोडवतो वचनातून." ते म्हणाले, "वचन तुले नाही दिलं." ताईला जाऊन विचारलं तर ती हसून म्हणाली, "कायले? आताशी घरात शांतता आली." माझ्या डोक्यात त्यांच्या बाजूची सगळी वाक्यं तयार होती, कुठं ते काय म्हणतील, मी काय उत्तर देईन, सगळं. ते बोलले असते तर मला मोकळं वाटलं असतं. त्यांनी मेणाची वडी खिशात टाकली आणि उठून गेले.

पुढच्याच थंडीत त्यांच्या छातीनं दगा दिला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात थोडे दिवस होते. तिथंही वॉर्डातल्या खाटांची तुलना करत होते, फुकटच्या आणि पैशाच्या, पण कोणत्या पद्धतीचं नाव न घेता. मी तिथंच होतो तेव्हा गेले. शेवटचं बोलणं एवढंच: पाणी मागितलं, आणि पाणी आणणाऱ्या बाईला तिची ड्यूटी किती तासांची ते विचारलं.

तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी सोमासकट सगळे कामगार माझ्याकडे आले. पवनी रस्त्यावरच्या मिलनं त्यांना बोलावणं पाठवलं होतं. सोमा गेला तर इंजिन बंद, इंजिन बंद तर डावा हालरही गेला, आणि ताईकडे दुसरं काही नव्हतं. सोमा म्हणाला, "आमची जायची इच्छा नाही जी. पन तिथं बंद दिवसाची मजुरी भेटते. बाईशी कोन बोलनार? बोलनारे तं गेले."

"मग मी काय करू?"

"तुमी बोला."

मी हसलोच. म्हटलं, अरे, मी उजव्या हालरवाला, मालकिणीचा सख्खा भाऊ. मी कोणाच्या बाजूनं बोलू? सोमा जागचा हलला नाही. "तुमी त्याइच्याशी रोज भांडले. आमी तं हो म्हनत गेलो, आमाले काही याद नाही. तुमाले सगळं पाठ आहे."

मी ताईसमोर गेलो. ती गिरणीत पोत्यावर बसली होती, पांढऱ्या लुगड्यात, हात मांडीवर. मी दोन शब्दांत सांगून मोकळा होणार होतो. पण तोंड उघडलं आणि थांबेना. पाऊस पडला म्हणून बैलाचा चारा कोणी थांबवत नाही, मग माणसाचाच का. सोमाचा हात इंजिनावर आहे म्हणून तुझी चूल आहे, आणि तुझी चूल आहे म्हणून सोमाला काम, यात वरचा कोण ते दाखव. भाऊजींच्या या वाक्यांतलं एकही मी कधी मान्य केलं नव्हतं, प्रत्येकाला माझ्याजवळ उत्तर होतं. ताईनं मधे दोन-तीन आडवे प्रश्न टाकले, तेही मी उडवून लावले. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की ती माझ्याकडे एकटक पाहते आहे. मग ती रडायला लागली. ते गेल्यापासून ती रडली नव्हती, अग्नी दिला तेव्हाही नाही.

"माह्याच भावाले माह्याविरुद्ध उभं करून गेला हा मानूस," ती म्हणाली. "मेल्यावर तरी सुखानं राहू द्या म्हनावं." पुष्कळ वेळानं डोळे पुसले. "सांग त्याइले, देते. बंद दिवसाचीही देते. पन त्या दिवशी बसून राहाचं नाही, पट्टे दुरुस्त कराचे. हे पक्कं करून घे."

मी बाहेर जाऊन सांगितलं. कोणी गेलं नाही, गिरणी राहिली, पुढं ताईच्या दोन्ही मुलींची लग्नं त्याच छपराखाली मांडव घालून झाली. पण त्या दिवशी सोमानं इंजिन सुरू केलं, बाया लुचईची टोपली घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, आणि मी ओट्यावर एकटाच बसून चडफडत होतो. दोन हंगाम जिवाचं रान करून मी जिंकलो होतो, आणि आज त्यांच्या बाजूनं बोलून बहिणीचं घर वाचवलं. हे त्यांना सांगायला हवं होतं. त्यांनी तासभर डोकं खाल्लं असतं, तुलना केली असती, शेवटी मलाच चुकीचं ठरवलं असतं. मला तो तास पाहिजे होता.